डिस्टिलरीच्या बायोगॅस लाइनवर फ्लेम अरेस्टर: जून ते जानेवारीच्या नोंदी

शेजारच्या दोन-तीन कारखान्यांतल्या लोकांनी फ्लेम अरेस्टरच्या (गॅस पाइपमधून उलटी येणारी ज्वाला अडवणारं उपकरण) कामाबद्दल फोनवर विचारलं, म्हणून डायरीतल्या नोंदी टाइप करून ठेवतोय. कारखान्याचं आणि व्हेंडरचं नाव मुद्दाम गाळलं आहे. रुपयांचे आकडे आमच्या कोटमधले आहेत आणि जीएसटी वेगळा. तुमच्या साईजला ते बदलतील.

सिस्टीम अशी. मोलॅसिसवर चालणारी, रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी. दिवसाला सुमारे ७०० घनमीटर स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) दोन डायजेस्टरमध्ये जातो आणि त्यातून २४,००० घनमीटरच्या आसपास गॅस निघतो, म्हणजे ताशी हजार. मिथेन ५९ टक्के, हायड्रोजन सल्फाइड ३ टक्के, बाकी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. डायजेस्टर, गॅस होल्डर, ब्लोअर, तिथून २०० मिमीची १४० मीटर एमएस (साध्या पोलादाची) लाइन डिस्टिलरीच्या बॉयलरपर्यंत. ब्लोअरच्या आधी १५० मिमीचा फाटा फ्लेअरकडे (जास्तीचा गॅस जाळायची चिमणी). स्क्रबर (गॅस धुऊन सल्फाइड काढणारं यंत्र) नाही, गॅस कच्चाच जाळतो.

१२ जून २०२४

पावसाळ्यात कंपोस्ट यार्ड बंद, स्पेंट वॉश टाकायला जागा नाही, म्हणून डिस्टिलरी काल थांबली. मार्चच्या सेफ्टी ऑडिटमध्ये एक ओळीचा शेरा होता: ‘फ्लेम अरेस्टरचे टेस्ट सर्टिफिकेट उपलब्ध नाही.’ फाइल शोधली, सर्टिफिकेट नाहीच. चीफ इंजिनिअर साहेब म्हणाले, लाइन बंद आहे तोवर उघडून नेमप्लेट तरी बघा.

१४ जून

ब्लोअर हाउसशेजारचा अरेस्टर उघडला. आत एलिमेंट (ज्वाला विझवणारा, बारीक फटींचा गाभा) नाही. नुसता डबा. दोन्ही बाजूंना फ्लँज, मध्ये पोकळी, तळाला काळा चिखल.

फोरमन अण्णांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “काढलंय की सायेब. बॉयलरला प्रेशर मिळंना झालं होतं. धुवायला काढलं, ते ऱ्हायलंच.” कोणत्या हंगामात, ते त्यांनाही आठवेना. दुपारपर्यंत त्यांनीच भंगारातून ते एलिमेंट शोधून आणलं. तारेच्या जाळ्यांचे थर, भोवती एमएसची रिंग. रिंग गंजून इतकी खाल्ली गेली होती की कडेनं पेन्सिल आरपार जात होती.

अण्णांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याच्यावर बॉयलरचं प्रेशर टिकवायची जबाबदारी असते तो अडथळा काढणारच. दाबाचा हिशेब न करता अरेस्टर बसवला की एखाद्या हंगामात तो रिकामा होतोच. त्यामुळे नव्या अरेस्टरची साईज मळलेल्या एलिमेंटवर काढायची, हे आजच ठरवून टाकलं.

ते जुनं एलिमेंट शाबूत असतं तरी उपयोग नव्हता. ज्वाला सगळ्यात मोठ्या फटीतून जाते. जाळी कितीही बारीक असली तरी कडेला पेन्सिलीएवढी फट असेल तर अरेस्टर त्या फटीएवढाच. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्याचीही अडचण हीच होती. जाळी फाटली किंवा गंजली की दिवाच स्फोटाचं कारण व्हायचा.

२० जून

टेप घेऊन पूर्ण लाइन मोजली. कोणाला कोट मागायच्या आधी हे काम करा. आग कुठून लागू शकते आणि तिथून अरेस्टरपर्यंत ती किती पळेल, हे दोन आकडे हातात नसतील तर व्हेंडर पाइपची साईज विचारतो आणि तेवढ्याच साईजचा डबा पाठवतो.

आमच्याकडे आग लागण्याची खरी ठिकाणं तीन: बॉयलरचा बर्नर, फ्लेअरचं टोक आणि डायजेस्टरच्या छतावरचे व्हेंट, जिथे वीज पडू शकते.

बर्नरपासून जुना अरेस्टर १३२ मीटर लांब होता. पाइप २०० मिमीचा, म्हणजे व्यासाच्या ६६० पट अंतर, वाटेत पाच एल्बो. पाइपमध्ये हवा शिरून मिश्रण पेटलं तर ज्वाला सुरुवातीला मंद असते. पण जसजशी पाइपमधून पुढे सरकते, बेंड आणि व्हॉल्व्ह ओलांडते, तसतसा वेग वाढतो, आणि पुरेसं अंतर मिळालं तर तिचं डिटोनेशन होतं. तेव्हा वेग सेकंदाला दीड हजार मीटरच्या पुढे. साध्या इन-लाइन (पाइपच्या मध्ये बसणाऱ्या) अरेस्टरची परीक्षा मंद टप्प्यासाठीच झालेली असते. आयएसओ १६८५२ मध्ये आपल्या गटाच्या गॅससाठी मर्यादा व्यासाच्या ५० पट आहे, म्हणजे २०० मिमीला १० मीटर. आमचा अरेस्टर १३२ मीटरवर. एलिमेंट जागेवर असतं तरी तो चुकीच्या गावात उभा होता.

फ्लेअर: स्टॅक १५० मिमीचा, ९ मीटर उंच. ५० पट म्हणजे साडेसात मीटर. पायथ्याशी अरेस्टर बसवला तर ६० पट. दीड मीटरनं हुकतंय.

अण्णांचा आक्षेप: “फ्लेअरला वॉटर सील हाय की. पाण्यातनं जाळ कसा जाईल?” प्रश्न बरोबर आहे. प्रवाह कमी असताना बुडबुडे सुटे असतात आणि जाळ थांबतो. प्रवाह वाढला की बुडबुडे एकमेकांना चिकटतात आणि पाण्यातून गॅसची सलग वाट तयार होते. हायड्रॉलिक अरेस्टर म्हणून तपासलेली उपकरणं असतात, त्यांना जास्तीत जास्त प्रवाहाची मर्यादा दिलेली असते. आमचा सील पॉट गावातल्या फॅब्रिकेटरनं पाइपच्या तुकड्यातून बनवलेला, लेव्हल ग्लास नाही, एप्रिल-मेमध्ये पाणी किती उरतं ते कोणी बघत नाही. पॉट राहू दे, हवा उलटी आत ओढली जाण्यापासून तो वाचवतो. पण त्याला अरेस्टर म्हणायचं नाही.

२६ जून

गॅसचा गट ठरवणं. एमईएसजी म्हणजे ज्या फटीतून ज्वाला पलीकडे जाऊ शकत नाही अशी जास्तीत जास्त फट. मिथेनसाठी ती १.१४ मिमी. ०.९ मिमीच्या वर आयआयए गट, ०.५ ते ०.९ आयआयबी, त्याखाली आयआयसी, ज्यात हायड्रोजन येतो.

परचेसचं म्हणणं, आयआयसीच मागवू, सगळ्यात भारी ते सगळ्यात सेफ. आमच्या गॅसला हे उलट पडेल. आयआयसीची फट फार बारीक, त्यामुळे दाब जास्त खातं आणि आमच्या फेसाळ, गंधकयुक्त गॅसमध्ये लवकर तुंबतं. तुंबलं की जून १४ ची नोंद पुन्हा लिहावी लागेल.

दुसऱ्या टोकाला एका व्हेंडरनं आयआयए१ सुचवला, ‘बायोगॅसला हाच देतो’ म्हणून. आयआयए१ चा निकष १.१४ मिमी किंवा त्याहून जास्त, म्हणजे नुसता मिथेन. आमच्यात हायड्रोजन सल्फाइड ३ टक्के. तो एकटा आयआयबी, त्याची फट ०.८ ते ०.९ च्या दरम्यान. जळणाऱ्या भागापुरतं मिश्रणाचं गणित केलं (मिथेन ९५, सल्फाइड ५) तर उत्तर १.१२ च्या आसपास येतं. कार्बन डायऑक्साइड आपल्या बाजूनं आहे हे खरं, पण त्याच्या भरवशावर काठावर का उभं राहायचं? आयआयए ठरवला. गॅसचं पूर्ण विश्लेषण, सल्फाइडसकट, एन्क्वायरीला जोडलं आणि ‘या गॅससाठी योग्य’ असं व्हेंडरकडून लेखी मागितलं. तिघांपैकी एकानंच लेखी दिलं.

३ जुलै

कोट आले. बॉयलरसाठी २०० मिमी डिफ्लॅग्रेशन टाइप (मंद टप्प्यातल्या ज्वालेसाठीचा), एसएस ३१६एल क्रिम्प्ड रिबन (स्टेनलेसच्या चुणीदार पट्टीचं एलिमेंट): १ लाख ६५ हजार. जुन्याच जागेवर डिटोनेशन टाइप हवा असेल तर ४ लाख ८० हजार. फ्लेअरला पायथ्याशी डिटोनेशन टाइप: ४ लाख २० हजार.

आता दाबाचा हिशेब, मिमी पाण्यात (पाण्याच्या स्तंभाची उंची). ताशी १,००० घनमीटर २०० मिमीतून गेला तर वेग ८.८ मीटर प्रतिसेकंद. ब्लोअर त्या प्रवाहाला ४०० देतो. बर्नरला तोंडाशी २०० हवेत. सरळ पाइप ६१ खातो, एल्बो ११, कंट्रोल व्हॉल्व्ह ६०. उरले ६८.

डिफ्लॅग्रेशन टाइप व्हेंडरच्या कर्व्हवर (कोणत्या प्रवाहाला किती दाब खातो त्याचा आलेख) स्वच्छ असताना २५ दाखवतो. मळून दुप्पट झाला तरी ५०, म्हणजे बसतं. डिटोनेशन टाइपचं एलिमेंट जाड, त्याच साईजला स्वच्छ असतानाच ९० खातं. तो घ्यायचा तर ब्लोअर बदलायचा. म्हणजे खरा खर्च ४ लाख ८० हजार नाहीच, त्यात ब्लोअर आणि मोटर धरा. अरेस्टर बर्नरजवळ नेणं हाच स्वस्त आणि बरोबर मार्ग.

कर्व्ह वाचताना एक बघा: तो २० अंशाच्या हवेवर काढलेला असतो, घनता १.२. आमचा ओला गॅस ३८ अंशाला १.०५ ते १.१ च्या दरम्यान, त्यामुळे कर्व्ह जसाच्या तसा वापरला, थोडा आपल्याच बाजूनं चुकतो. बायोगॅस हवेपेक्षा बराच हलका असतो असं धरून एका व्हेंडरनं दाब कमी करून दाखवला होता. ते शुद्ध मिथेनला लागू, आपल्याला नाही.

९ जुलै

फ्लेअरचं कोडं अण्णांनी सोडवलं. “खाली बसत न्हाई तर वर चढवा.” तीन मीटरवर प्लॅटफॉर्म केला तर वरचा सरळ पाइप सहा मीटर, म्हणजे ४० पट, मध्ये एकही बेंड नाही. डिफ्लॅग्रेशन टाइप चालतो. १५० मिमीचा कोट १ लाख १८ हजार. प्लॅटफॉर्म आणि शिडी यार्डातल्या अँगलमधून, एलिमेंट उतरवायला एक फिरता हात. तीन लाखांच्या आसपास वाचले.

प्लॅटफॉर्मवर फ्लेअर बंद असतानाच चढायचं, तसा बोर्ड रंगवायला दिला.

१७ जुलै

आषाढी. निम्मं वर्कशॉप पंढरपूरला. ड्रॉइंग पूर्ण केलं. बर्नरसमोर व्हॉल्व्ह ट्रेनची उलटापालट करावी लागतेय: कंट्रोल व्हॉल्व्ह आणि स्लॅम-शट (झटक्यात बंद होणारा व्हॉल्व्ह) दोन्ही अरेस्टरच्या अलीकडे, म्हणजे सुरक्षित बाजूला घेतले, जेणेकरून अरेस्टर आणि बर्नर यांच्यात एक एल्बो आणि ४.२ मीटर पाइप एवढंच राहील. २१ पट.

५ ऑगस्ट

लाइन उघडली. १४० मीटर २०० मिमी म्हणजे सुमारे ४.४ घनमीटर पोकळी. नायट्रोजनचं ४७ लिटरचं सिलिंडर १५० बारला ७ घनमीटरच्या आसपास देतं. पोकळीतला गॅस नायट्रोजननं तीनदा बदलायचा म्हणून दोन सिलिंडर लावले, तिसरं हाताशी. शेवटच्या टोकाला मीटर लावून मिथेन खाली आल्याची खात्री केली, मगच पहिला बोल्ट. होल्डरकडच्या टोकाला नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबलो नाही, ब्लाइंड (फ्लँजमध्ये बंद पत्रा) घातला. डायजेस्टर बंद असले तरी गॅस निघतच असतो.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल नव्या पोरांना पुन्हा सांगितलं: वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. आपल्या गॅसमध्ये ३ टक्के, म्हणजे ३०,००० पीपीएम.

संध्याकाळी वेगळीच गोष्ट घडली. पाइपमधून खरवडलेली काळी पूड पोरांनी शेडबाहेर ढीग करून ठेवली होती. पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि ढीग धुमसायला लागला. आयर्न सल्फाइड. वाळलं आणि हवा लागली की आपोआप तापतं. बादलीभर पाणी मारलं. इथून पुढे खरवड थेट पाण्याच्या ड्रममध्ये. अरेस्टरचं एलिमेंट काढतानाही हाच नियम: बाहेर काढलं की आधी ओलं करा. गॅस असलेल्या लाइनशेजारी ते वाळत ठेवलं तर ज्या ठिणगीपासून वाचायला अरेस्टर लावला तीच आपण तयार करतोय.

२८ ऑगस्ट

माल आला. फ्लेअरच्या अरेस्टरसोबतचं सर्टिफिकेट एंड-ऑफ-लाइन (पाइपच्या उघड्या टोकावर बसणाऱ्या) प्रकारचं, पेट्रोलियम टाकीच्या व्हेंटसाठी. इन-लाइनला त्याचा उपयोग नाही. उघड्या हवेत जळणारी ज्वाला आणि पाइपमधून दाब घेऊन येणारी ज्वाला या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. परचेसच्या मते ‘सर्टिफिकेट आहे ना’. परत पाठवला. व्हेंडरनं बदलून दिला, पण यात दोन आठवडे गेले आणि वेल्डर तोवर मिलच्या कामाला पळवले.

नेमप्लेटवर हे वाचून घ्या: गट, कमाल दाब, कमाल तापमान, एल/डी (आगीपासूनचं अंतर व्यासाच्या किती पट), ज्वालेची बाजू दाखवणारा बाण. आमच्यावर आयआयए, १.१ बार अ‍ॅब्सोल्यूट, ६० अंश, ५० असं आहे. दाबाची अडचण नाही. तापमानाची निघाली: बर्नरसमोर ठरवलेल्या जागी मागच्या हंगामातलं रीडिंग ५४ अंश. उन्हाळ्यात ६० ओलांडायला वेळ लागणार नाही. मध्ये पत्र्याचा आडोसा घातला आणि अरेस्टर एक फूट बाजूला सरकवला.

१३ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत कंत्राटी फिटरनी बॉयलरचा अरेस्टर बसवला. बघायला गेलो तर दोन गोष्टी.

एक, बाण उलटा. प्रवाहाच्या दिशेनं लावला, कारण नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा बाण तसा असतो. इथं बाण ज्वाला कुठून येणार ते सांगतो. फिरवला. गॅस्केटचा एक सेट वाया.

दुसरी जास्त गंभीर, आणि बघताना नीटनेटकी दिसत होती. अरेस्टरला दोन ड्रेन असतात, एलिमेंटच्या दोन्ही बाजूंना एकेक. फिटरनं दोन्ही ड्रेन अर्ध्या इंची पाइपनं एकत्र करून एकाच पॉटमध्ये सोडले होते. म्हणजे एलिमेंटला वळसा घालून अर्ध्या इंचाचा बोगदा. १ मिमीच्या फटीसाठी दीड लाख मोजायचे आणि शेजारी १५ मिमीचं भोक ठेवायचं. ड्रेन वेगळे केले, प्रत्येकाला स्वतंत्र सील पॉट.

मग याच नजरेनं सगळं पुन्हा बघितलं. ऑपरेटरना साफसफाईसाठी बायपास हवा होता, ड्रॉइंगमध्ये तो तुटक रेषेनं आलाही होता. काढून टाकला. बायपास म्हणजे अरेस्टर नसलेली लाइन, आणि तिचा व्हॉल्व्ह एका रात्री उघडा राहणारच. त्याऐवजी सुटं एलिमेंट घेतलं, ५२ हजार. बॉयलर अर्धा तास बगॅसवर चालवायचा, एलिमेंट बदलायचं, मळकं निवांत धुवायचं.

२१ सप्टेंबर

तापमान सेन्सर. ज्वाला विझली नाही आणि एलिमेंटच्या तोंडावर येऊन जळत राहिली तर एलिमेंट तापतं आणि काही वेळानं पलीकडचा गॅस पेटू शकतो. म्हणून ज्वालेच्या बाजूला सेन्सर आणि त्यावर स्लॅम-शट. व्हेंडरनं जाड थर्मोवेलमधला (संरक्षक नळीतला) आरटीडी सेन्सर दिला होता. टेबलावर थर्मोवेलला गॅसची टॉर्च लावून बघितलं. सेटपॉइंटला पोचेपर्यंत अण्णांचा चहा पिऊन झाला. तो बदलून ३ मिमीचा, थर्मोवेल नसलेला के-टाइप थर्मोकपल लावला. काही सेकंदांत ट्रिप. किंमत मामुली.

१ ऑक्टोबर

डीपी (एलिमेंटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) मोजायला काय लावायचं यावरून इन्स्ट्रुमेंटवाल्यांशी चर्चा. एलिमेंटच्या दोन्ही बाजूंना जोडलेली इम्पल्स ट्यूब (दाब मोजायची बारीक नळी) हीसुद्धा वळसाच आहे. डीपी ट्रान्समीटरमध्ये मध्ये डायफ्रॅम असतो, पण दोन्ही बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडा राहिला की वाट मोकळी. यू-ट्यूबमध्ये पाणी असतं तोवर ठीक, वाळलं की तेच. आम्ही दोन्ही टॅपिंगवर वेगळे गेज लावले नाहीत, कारण २५ मिमीचा फरक दोन गेजवर वाचता येत नाही. ट्रान्समीटर लावला आणि इक्वलायझिंग व्हॉल्व्हचं हँडल काढून इन्स्ट्रुमेंट रूममध्ये ठेवलं. ३५ ला पिवळा, ५० ला लाल.

१२ ऑक्टोबर

दसरा. मिलच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. सगळे वेल्डर आता तिकडेच. फ्लेअरचा प्लॅटफॉर्म रंगाशिवाय राहिला.

२२ नोव्हेंबर

गॅस सुरू. आधी लाइन नायट्रोजननं भरून हवा काढली, मग होल्डरचा गॅस, फ्लेअरवर जाळून मीटरनं ऑक्सिजन बघितला आणि शेवटी बर्नर. अरेस्टर बसवला म्हणून ही पायरी सोडायची नाही.

ताशी ९६० घनमीटरला डीपी २४. कर्व्हशी जुळतंय. बर्नरला २४० मिळतायत, हवे होते त्या २०० पेक्षा जास्त.

१८ डिसेंबर

थंडी पडली आणि डीपी रात्री ३८ वर, दुपारी परत २७. तुंबणं असं खाली येत नाही, हे पाणी आहे. ३८ अंशाचा संपृक्त गॅस घनमीटरला ४६ ग्रॅम वाफ धरतो, १५ अंशाला १३. पूर्ण थंड झाला तर ताशी ३३ लिटर पाणी लाइनमध्ये. बॉयलरकडचा सील पॉट भरून वाहत होता आणि ओव्हरफ्लो फिटरनं बुचानं बंद केला होता, ‘वास येतो’ म्हणून. ओव्हरफ्लो शेडबाहेर नेला. अरेस्टरच्या आधी दोन सखल ठिकाणी ड्रिप पॉट वाढवले. आमच्या अरेस्टरची बॉडी एक्सेंट्रिक आहे, तळ पाइपच्या तळाला समपातळीत, म्हणून पाणी साचून एलिमेंट निम्मं बुडालं नाही. ऑर्डरमध्ये हे लिहून मागा, मागितलं नाही तर कॉन्सेंट्रिक येतो.

७ जानेवारी २०२५

फ्लेअरचा डीपी लाल. बॉयलरचा ३१, ठीक. फ्लेअर बंद करून एलिमेंट उतरवलं. वरच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे, मूठभर. वरचा सहा मीटर पाइप जुना एमएस, आतून सोलतोय, आणि अरेस्टर थेट त्याच्या खाली उभा. अरेस्टर वर चढवताना हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पावसाळ्यात टोकातून पाणी आत गेलं तर वेग आणखी वाढेल.

एलिमेंट गरम पाण्यात भिजवलं, उलट्या बाजूनं कमी दाबाची हवा मारली. तारेचा ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, काहीही आत घालायचं नाही. एक रिबन वाकली तर फट मोठी होते आणि ते एलिमेंट भंगार. सुटं एलिमेंट फक्त बॉयलरच्या साईजचं होतं, त्यामुळे फ्लेअर दुपारभर बंद आणि होल्डर भरत आला. डायजेस्टरची फीड कमी करावी लागली.

वरचा पाइप एसएस ३०४ मध्ये बदलायचा. सहा मीटरला साधारण २६ हजार मटेरियल. तीन लाख वाचवले होते, त्यातून हे गेले.

१९ जानेवारी

बॉयलरचं एलिमेंट पहिल्यांदा बदललं, डीपी ४४ ला. त्यावर राखाडी, चिकट थर आणि कडेनं पिवळं गंधक. फेस वाहून आलाय. डायजेस्टर सुरू करताना फीड घाईनं वाढवलं तेव्हाचा असावा. शिफ्टमध्ये फीड वाढवायची मर्यादा लिहून लावली. दोन माणसं, बीए सेट (श्वासाची हवा पुरवणारा), काढलं की पाण्यात. अर्धा तास ठरवला होता, पाऊण लागला, कारण दोन स्टड गंजून अडकले. पुढच्या वेळी स्टड एसएसचे आणि अँटी-सीझ लावून.

२५ जानेवारी

एसएस पाइप चढवला. प्लॅटफॉर्मला रंग झाला.

डायजेस्टरच्या छतावरचे दोन एंड-ऑफ-लाइन अरेस्टर आज तपासले, १०० मिमीचे, प्रत्येकी २८ हजार. एकावर रंगाऱ्यानं बांधलेली पॉलिथिनची पिशवी तशीच. हा व्हेंट श्वास घेण्यासाठी आहे. स्पेंट वॉश पंपानं उपसताना आत हवा जायला वाट नसेल तर छत आतल्या बाजूला ओढलं जाईल, आणि ते नुकसान आगीइतकंच महाग. पिशवी काढली. दुसऱ्यात गांधीलमाशांनी घर करायला सुरुवात केली होती, ते एलिमेंटच्या अलीकडे, पावसाच्या टोपीखाली. टोपीला मोठ्या भोकांची जाळी लावायची आहे. बारीक लावली तर तीच तुंबेल.

बाकी राहिलेलं: फ्लेअरसाठी सुटं एलिमेंट (३६ हजारांचा कोट आलाय, मंजुरी बाकी), छतावरच्या दोघांची महिन्यातून एकदा तपासणी शिफ्टच्या रजिस्टरमध्ये घालणं, आणि ब्लोअर हाउसशेजारचा तो रिकामा डबा काढून तिथे सरळ पाइप टाकणं. डबा उभा असेपर्यंत ऑडिटला येणारा प्रत्येक जण त्याचंच सर्टिफिकेट मागणार.